टेस्ट रिपोर्ट पास, ट्रेमध्ये फसवणूक

नेटवर्किंगच्या कामात फसवणूक केबलमध्ये कमी आणि केबल ज्यावर टेकते त्यात जास्त होते. केबलवर कंपनीचं नाव आणि मीटरचे आकडे छापलेले असतात. केबल ठेवायचे पत्र्याचे ट्रे, J आकाराचे हुक आणि कंड्युट, म्हणजे केबलची नळी, मात्र फॉल्स सीलिंगच्या वर जातात आणि शेवटची टाइल बसली की विषय संपतो. बिलाच्या वेळी ठेकेदार केबलचा टेस्ट रिपोर्ट पुढे करतो. त्यात ट्रेबद्दल अवाक्षर नसतं. ट्रे पेलणारे सपोर्ट अर्धे खाल्लेले असले तरी पहिल्या दिवशी केबल पासच होते.

सुरुवात ट्रेच्या पत्र्यापासून. ऑर्डर 1.6 मिमीची, म्हणजे 16 गेजची. माल येतो 1.2 मिमीचा, 18 गेजचा. कॅलिपर लावून दाखवणारा तो नेमका काठाच्या दुमडलेल्या भागावर लावतो, जिथे पत्रा दुहेरी असतो. ट्रेच्या टोकाला, तळाच्या सपाट पत्र्यावर, पावडर कोटिंग खरवडून मोजा. त्याहून सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. 300 मिमी रुंद, 50 मिमी उंच, काठाला 15 मिमीची पट्टी असलेला 2.5 मीटरचा ट्रे भोकं न धरता 1.6 मिमीत साधारण 13.5 किलो भरतो, 1.2 मिमीत 10 किलोच्या आसपास. भोकांमुळे दोन्ही वजनं खाली येतात, पण चौथा हिस्सा लोखंड गायब असेल तर ते काट्यावर लपत नाही.

बिलात ‘हॉट डिप’ लिहिलं असेल तर भोकांच्या कडा बघा. हॉट डिपमध्ये ट्रे तयार झाल्यावर जस्तात बुडवतात, त्यामुळे कडांवरही जस्त चढतं. आधीच गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापून केलेल्या ट्रेच्या कडा उघड्या राहतात. कोरड्या ऑफिसात हा दुसरा ट्रे खरं तर पुरतो. पण मग दरही त्याचाच लागायला हवा.

सगळ्यात जास्त पैसा सपोर्टमध्ये खाल्ला जातो. 60 मीटरचा कॉरिडॉर धरा. दर 1.5 मीटरला सपोर्ट ठरला असेल तर 41 लागतात. 2.5 मीटरवर टाकले की 25 मध्ये भागतं. म्हणजे 16 चॅनल, 32 थ्रेडेड रॉड आणि 32 अँकर फास्टनर वाचले, बिल मात्र 41 चंच. रिकामा ट्रे सरळ दिसतो. केबल भरल्यावर मधोमध झोल येतो आणि जोडाच्या पट्टीवर ताण येतो. खाली उभं राहून अंदाज बांधू नका, शिडी लावून सपोर्ट मोजा. जे-हुकचंही तेच: हुकामधलं अंतर 1.5 मीटरच्या वर नको, आणि हुक सीलिंगच्या तारांना लटकवलेले तर मुळीच नकोत. त्या तारा सीलिंगचं वजन पेलायला असतात.

ट्रेच्या उंचीत गफलत झाली तर पुढे जागाच उरत नाही. 6 मिमी जाडीच्या केबल 300 बाय 50 च्या ट्रेमध्ये 50 टक्के भरावाच्या हिशेबाने 265 च्या आसपास बसतात. 100 मिमी उंचीचा ट्रे ठरवून 50 चा लावला की क्षमता निम्म्यावर येते. कंड्युटमध्ये भराव 40 टक्क्यांपर्यंतच ठेवतात. 25 मिमीच्या कंड्युटमध्ये अशा पाचेक केबल येतात. आठ-दहा कोंबलेल्या दिसल्या तर निम्मी कंड्युट वाचवली असं समजा. ओढताना आवरण सोलतं ते वेगळंच.

वळणं नीट बघा. बिलात तयार बेंड, वर मात्र ग्राइंडरने कापून दुमडलेला सरळ ट्रे. कापलेली धार केबलच्या अंगावर बसते. शिवाय मोजताना टेप बेंडवरून सरळ नेतात आणि बेंड नगावर पुन्हा लावतात, म्हणजे त्या तुकड्याचे पैसे दोनदा. बेंड नगावर असेल तर त्याची लांबी मीटरमधून वजा झाली पाहिजे, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

भिंतीतून ट्रे जातो तिथे वरून लाल फायर सीलंटचा हात फिरवलेला असतो आणि आत साधा फोम भरलेला. तो फोम पेटतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायला अर्धं मिनिट लागतं.

मोजमाप सीलिंग उघडं असतानाच, दोघांनी मिळून करायचं: टेप दिसेल असे फोटो, सपोर्टची संख्या, प्रत्येक पानावर दोन्ही सह्या. रिकाम्या कंड्युटमधली ओढदोरी, म्हणजे पुढे केबल ओढायला आत ठेवलेली दोरी, दोन्ही टोकांकडून हलवून बघा. कित्येकदा ती हातभर आत जाऊन संपते. ‘सीलिंगवाला थांबलाय, आजच बंद करायचंय’ अशी घाई सुरू झाली तर त्या मजल्याचं बिल थांबवा.