खाडीतल्या वाळूच्या लाटा मोजायला भाड्याचा एको साउंडर: घ्यावा का?

एको साउंडर म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली मोजणारं यंत्र. हा नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत दिवसाच्या भाड्याने मिळणारा २०० किलोहर्ट्झचा सिंगल-बीम (ध्वनीचा एकच झोत सोडणारा) संच. नुसती ढोबळ खोली हवी असेल तर डोळे झाकून घ्या. तळावर वाळूच्या उंचवट्यांच्या ज्या लाटा बनतात त्यांची उंची, लांबी आणि उतार काढायचा असेल तर पुढचं वाचून घ्या.

आधी जागा. ऐरोली-वाशीकडच्या खाडीत बहुतेक मऊ चिखल, तिथे अशा लाटा उठत नाहीत. वाळूसाठी मुंब्रा रेतीबंदराकडचं उल्हासचं पात्र बरं. वाळू उपसणाऱ्या सक्शन पंपाने केलेले खड्डे मात्र फसवतात. खड्डा एकटा आणि चहूबाजूंनी खोल. लाटा ओळीने येतात. ६ मीटर पाण्यात ढोबळ अंदाज १ मीटर उंच, ३५ मीटर लांब. प्रवाह उलटसुलट वाहतो, म्हणून खाडीत त्या बहुधा बुटक्याच निघतात.

बीम ९ अंशांचा. ६ मीटर खोलीवर त्याचा ठसा जवळजवळ ९५ सेंटिमीटरचा पडतो आणि यंत्र त्यातला सर्वात जवळचा प्रतिध्वनी धरतं. त्यामुळे माथा रुंद दिसतो, खळगा उथळ. लांबी व्यवस्थित मिळते, उंची थोडी कमी येते, तीव्र उताराचा कोन मात्र विसरा.

दुकानातून मशीन येतं तेव्हा स्मूदिंग फिल्टर (नोंदींचे चढउतार गुळगुळीत करणारं सेटिंग) चालूच असतो. तो माथे खातो, आधी बंद करा. जीपीएस सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, ते १० वर न्या. वेग सेकंदाला २ मीटरच्या वर नको. त्यापुढे ट्रान्सड्यूसरखाली (ध्वनी सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाखाली) बुडबुडे येतात आणि रेघ तुटते.

कच्चा दुवा म्हणजे ट्रान्सड्यूसर पाण्यात धरणारा पाइप. दोन तुकड्यांचा, जोड ढिला. पाण्याच्या रेट्याने तो मागे कलतो, म्हणून खालच्या टोकाला दोरी बांधून ती नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, ताणा. जीपीएसची अँटेना वेगळ्या क्लँपवर देतात. ती याच पाइपच्या डोक्यावर लावा.

होडीचे हेलकावे मोजणारा मोशन सेन्सर संचात नाही. बाजूने बार्ज गेली की होडी ३ सेकंदांच्या हेलकाव्याने वरखाली होते आणि पडद्यावर ६ मीटर लांबीच्या सुबक लाटा उमटतात. सगळ्या खोट्या! तीच रेघ उलट दिशेने पुन्हा चालवा: खरा माथा जागेवर राहतो. तो २ मीटर सरकलेला दिसला तर जीपीएस आणि खोलीच्या नोंदीत अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे, तेवढं सेटिंगमध्ये भरा.

यंत्रात पाण्यातल्या ध्वनीचा वेग १५०० मीटर प्रति सेकंदावरच ठेवलेला असतो. पावसाळ्यातलं गोडं पाणी आणि मे महिन्यातलं खारं यांत सुमारे ३० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडतो. १० मीटर खोलीवर चूक २० सेंटिमीटर, पण १ मीटर उंच लाटेवर जेमतेम २. लाटांसाठी हे सोडून दिलं तरी चालेल. नेमकी खोली द्यायची असेल तर बार चेक (ठरावीक खोलीवर प्लेट सोडून यंत्राचा आकडा ताडून पाहणं) हवाच, आणि त्याची प्लेट मागूनही मिळत नाही. साखळीवर मीटरच्या खुणा करून स्वतःची न्या.