जुन्या घराची गिट्टी नव्या स्लॅबमध्ये : अकरा महिन्यांनंतर

स्लॅब भरून अकरा महिने झाले, एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडला, म्हणून आता लिहितो.

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं आमचं घर बाबांनी १९७८ साली बांधलं होतं. पाडायची वेळ आली तेव्हा सगळा मलबा फेकून द्यायला मन होईना. त्या काँक्रीटमधली गिट्टी, म्हणजे खडी, माळव्याचाच काळा बेसॉल्ट आहे, तो कुठे झिजलाय? मग स्लॅब आणि बीमचे तुकडे वेगळे काढून क्रशरवर दिले आणि २० मिमीची गिट्टी करून घेतली.

काँक्रीटमधल्या गिट्टी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३:२०१६ वाचूनच पुढे गेलो. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये अशी जाड गिट्टी २० टक्क्यांपर्यंत चालते, तीही एम२५ ग्रेडपर्यंतच (म्हणजे २८ दिवसांनी २५ मेगापास्कल ताकद). एम१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. विटा, टाइल्स मिसळलेला मलबा मात्र फक्त लीन काँक्रीटपुरताच. त्यामुळे पायाखालच्या पीसीसीत (बिनसळईच्या काँक्रीटच्या थरात) सगळी जुनी गिट्टी घातली, प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) आणि स्लॅबमध्ये पाचवा हिस्सा. कॉलमना हात लावला नाही. तिथे मला नवीच गिट्टी हवी होती.

त्रास दिला तो पाण्याने. जुन्या गिट्टीला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. लॅबमध्ये आमच्या गिट्टीचं शोषण साडेपाच टक्के निघालं, नव्या बेसॉल्टचं जेमतेम एक. एका घनमीटरला ११०० किलो जाड गिट्टी धरली तर तिचा पाचवा हिस्सा २२० किलो, आणि तेवढी कोरडी गिट्टी बारा लिटर पाणी ओढून घेते. प्लिंथ बीमच्या पहिल्या घाण्याला, म्हणजे मिक्सरमधल्या पहिल्या मालाला, नेमकं हेच झालं. दहा मिनिटांत माल घट्ट. मिस्त्रींनी बादली उचलली होती, मी अक्षरशः मधे जाऊन उभा राहिलो. वरून पाणी ओतलं की माल सैल होतो, पण ताकद जाते. तो घाणा बाजूला काढून अंगणाच्या फरशीखाली टाकला. त्यानंतर रोज रात्री गिट्टी भिजत घालायची, सकाळी पाणी निथळू द्यायचं, मगच मिक्सरमध्ये. पुन्हा अडचण आली नाही.

जुन्या छताचं पीओपी, म्हणजे जिप्समचा थर, मलब्यातून निवडून काढण्यात दोन मजुरांचे तीन दिवस गेले. ते दिवस वाया गेले असं मला वाटत नाही. जिप्सममधला सल्फेट सिमेंटमध्ये शिरला तर काँक्रीट आतून फुगतं, आणि ते दुरुस्त करता येत नाही.

स्लॅबच्या मालाचे तीन क्यूब (चाचणीचे ठोकळे) २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडले : ३१, ३०, ३२ मेगापास्कल. एम२५ साठी मला पुरेसं.

एक तक्रार आहे. अशा काँक्रीटचं आकसणं जास्त असतं, म्हणून १४ दिवस पाणी ठेवायचं ठरवलं होतं. घरात लग्न निघालं आणि जिन्याकडच्या कोपऱ्यात दोन दिवस तराई, म्हणजे पाणी मारणं, राहून गेलं. बरोबर तिथेच केसासारख्या चार-पाच भेगा दिसल्या. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. गळती नाही, भेगा वाढल्याही नाहीत, तरी दर महिन्याला पेन्सिलीने खूण करून बघतो. बाकी स्लॅब जसाच्या तसा आहे.

पैसे फार वाचले असं नाही. निवडणं, क्रशरची मजुरी आणि लॅबची फी यांत नव्या गिट्टीचे वाचलेले पैसे जवळपास निघून गेले. उरलेल्या मलब्याच्या, म्हणजे विटा आणि प्लास्टरच्या, तीन ट्रॉल्या इंदूरच्या मलबा केंद्रावर, देवगुराडियाला, पाठवल्या. चांगल्या गिट्टीचा अर्धा ढीग अजून मागे ताडपत्रीखाली आहे. दिवाळीनंतर कंपाउंडच्या भिंतीखालचं पीसीसी त्यातच करणार.