प्लीहेतली गाठ: लक्ष ठेवायचं की प्लीहाच काढायची?
सिरॉसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) पेशंटला प्लीहेत, म्हणजे स्प्लीनमध्ये, गाठ निघाली की डॉक्टर दोन वाटा सांगतात. मी दोन्हींवरून गेलोय: दीड वर्ष नुसतं लक्ष ठेवलं, मग ऑपरेशन केलं.

लक्ष ठेवणं सोपं वाटतं. यकृतासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होतेच, त्यात प्लीहाही बघून होते. शिवाय अशा गाठी बहुतेक साध्याच असतात. मला छळलं ते मापांनी. नाशिकमधल्याच वेगवेगळ्या सेंटरचे चार रिपोर्ट: 38, 43, 36, 41 मिलिमीटर. गाठ वाढली, की मोजणारा बदलला? फिल्मची पिशवी घेऊन गंगापूर रोडवरून द्वारका चौकात आणि परत, पण छातीठोक कुणी सांगेना. प्रत्येक रिपोर्टखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ची, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, अशी तीच ओळ. प्लेटलेट साठ हजारांपर्यंत उतरलेल्या, त्यामुळे रक्तस्रावाच्या भीतीने सुईची बायोप्सीही नको म्हणाले. रिपोर्टच्या आदल्या रात्री बायको जागीच असायची. ते मला बघवेना.

ऑपरेशनने उत्तर दिलं: लिटोरल सेल अँजिओमा. प्लीहेतल्या रक्ताच्या पोकळ्यांना जे अस्तर असतं, त्याच्या पेशींची ही दुर्मिळ गाठ. 1991 मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं. बहुधा निरुपद्रवी, पण काहींच्या शरीरात दुसरीकडे कॅन्सर सापडलेला असल्याने माझी कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घेतली. ती स्वच्छ निघाली. प्लेटलेट दोन लाखांवर गेल्या, हा वरचा फायदा.

किंमत मात्र आहे. प्लीहा गेली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लशी ऑपरेशनच्या किमान 14 दिवस आधी घ्याव्या लागतात. सिरॉसिसमध्ये नंतर पोर्टल व्हेनमध्ये (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी होऊ शकते, म्हणून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, चुकवायचा नाही. आणि ताप अंगावर काढणं जन्मभर बंद. गेल्या श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी 101 ताप भरला. फेरी सोडून थेट ॲडमिट झालो. तरी त्या चार आकड्यांपेक्षा मला हे परवडतं.

सिरॉसिस किती बळावलाय हे सांगणाऱ्या ए, बी, सी या ‘चाइल्ड’ श्रेणींपैकी माझं यकृत सगळ्यात सौम्य, चाइल्ड ए होतं, पोटात पाणी नव्हतं. ज्यांचं बी किंवा सी आहे, त्यांना मी ऑपरेशन करा असं म्हणणार नाही. तिथे पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन दोघांचं एकमत हवं. लक्षच ठेवायचं ठरलं, तर सेंटर बदलू नका. दर वेळी तिथेच, तोच एमआरआय करा आणि जुनी सीडी समोर ठेवूनच नवं माप घ्यायला लावा. मला हे फार उशिरा सुचलं.