लुवियनमधील -वा, -हा, -ता, -पा: कुठे ‘आणि’, कुठे ‘तर’, कुठे काहीच नाही

लुवियन ही प्राचीन अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, भाषा. तिच्या वाक्याची नाडी पहिल्या शब्दाच्या शेपटात सापडते. आधी एक शब्द, त्याला चिकटलेले दोन-चार छोटे निपात (मराठीतल्या ‘-ही’सारखे, एकटे न येणारे तुकडे), मग उरलेले वाक्य आणि बहुधा अगदी शेवटी क्रियापद. चिकटायला शब्द नसेल तर नुसता ‘अ-’ पुढे ठेवतात. साखळीचा क्रम ठरलेला आहे: आधी -हा किंवा -पा, मग -वा, मग ‘मला, तुला, स्वतःला’ या अर्थाचे सर्वनाम, मग ‘तो, ते, त्यांना’, आणि सगळ्यांत मागे स्थलवाचक -ता. हिट्टाइट राजधानी हत्तूशाच्या मातीच्या पाट्यांवरची कीलाक्षरी लुवियन असो, की कार्कामिश-कारातेपेच्या दगडांवरची चित्रलिपीतली, हा क्रम पाठ असला की निम्मे प्रश्न सुटतात. मराठीत भाषांतर करताना उरणाऱ्या निम्म्यांसाठी ही तुलना.

-वा: ‘म्हणे’ की काहीच नाही?

हा दुसऱ्याचे बोलणे दाखवणारा निपात. हिट्टाइट या लुवियनच्या नात्यातल्या भाषेतही तो आहे, पण तिथे फक्त उद्धृत बोलण्यातच येतो. लुवियन शिलालेखांत जवळपास प्रत्येक वाक्यात असतो, कारण सगळा लेखच राजाच्या किंवा शासकाच्या तोंडचा आहे. कारातेपेचा लेख ‘अमु-वा-मि’ असा सुरू होतो: ‘मी अझातिवाद’ (तिथला शासक). मराठीत ‘म्हणे’ घातले तर ऐकीव, शंकास्पद गोष्टीचा वास येतो आणि बोलणाऱ्याचा दावाच खोटा वाटू लागतो. तेव्हा -वा गाळावा. मात्र बोलणारा मध्येच आणखी कुणाचे बोलणे सांगू लागला, तर तो बदल -वावरून ओळखता येणार नाही, कारण -वा आधीपासूनच सगळीकडे आहे. तिथे ‘बोलला’ अशा अर्थाचे क्रियापद शोधावे लागते.

‘अमु-वा-मि’मधल्या ‘-मि’चेही तसेच. ‘मी अमुक आहे’ अशा वाक्यात तो व्याकरणाच्या गरजेने येतो. ‘मी स्वतःसाठी’ असे भाषांतर चुकीचे.

-हा: आणि, -ही, की क्रियापदाचा प्रत्यय?

इथे मराठी वाचकाला मोठा आधार आहे. दोन नामे जोडताना -हा दुसऱ्या नामाला लागतो. तिथे ‘आणि’ घ्यावे. दोन्ही नामांना लागला असेल, तर ‘हाही आणि तोही’. एकाच शब्दाला लागून जोडायला दुसरे काही नसेल, तर सरळ ‘-ही’. आणि ‘क्विस’ म्हणजे ‘कोण’, त्याला -हा लागला की ‘क्विस-हा’ म्हणजे ‘कोणीही’. ‘आणि कोण’ असे वाचले तर शापवाक्याची, म्हणजे लेख पुसणाऱ्याला दिलेल्या शापाची, सुरुवातच बिघडते.

खरा घात वेगळाच आहे. ‘मी केले’ या भूतकाळाचा प्रत्ययही -हा, आणि चित्रलिपीत दोन्हींसाठी एकच चिन्ह. ‘इझिहा’ म्हणजे ‘मी केले’, त्यात ‘आणि’ कुठेच नाही. ओळखायची खूण अशी: -हानंतर लगेच -वा आला असेल तर तो जोडणारा. -हानंतर शब्द संपून पुढच्या शब्दापासून नवी साखळी सुरू होत असेल, तर तो बहुधा क्रियापदाचा. शब्द तोडणाऱ्या उभ्या रेघेवर एकट्या विसंबू नये. ती सगळीकडे सारखी दिलेली नसते.

-ता: ‘ते’ की स्थलवाचक?

‘अ-वा-ता’ दिसले की दोन वाटा. वा + अता, म्हणजे ‘ते, त्यांना’. किंवा वा + -त्ता, म्हणजे क्रियेची दिशा-जागा सांगणारा निपात, ज्याला मराठीत स्वतंत्र शब्द लागत नाही. कीलाक्षरात व्यंजन दुप्पट लिहून फरक दाखवता येतो, चित्रलिपीत ती सोय नाही. क्रियापद सकर्मक असून वाक्यात दुसरे कर्म नसेल, तर ‘ते’ घ्यावे. अशा वाक्यात कर्त्यासाठी हे सर्वनाम येत नाही. कर्म नामाने आधीच दिलेले असेल, तर स्थलवाचकाकडे झुकावे. मग तेच क्रियापद इतर लेखांत -ताबरोबर येते का, ते पाहिल्याशिवाय निर्णय पक्का करू नये.

पुरावा कोणाचा धरावा?

१९४६ मध्ये कारातेपेचा द्विभाषिक लेख सापडला, लुवियन आणि फिनिशियन (एक प्राचीन सेमिटिक भाषा) अशा दोन भाषांतला. त्याची फिनिशियन बाजू शब्दांच्या अर्थासाठी फार मोलाची आहे, निपातांसाठी मात्र तोकडी. तिच्यात जोडायला मुख्यतः एकच ‘व’ आहे. आधीच्या राजांनी जिंकले नव्हते ते मी अझातिवादाने जिंकले, असे तो सांगतो तिथेही फिनिशियनमध्ये ‘व’च आहे, जरी अर्थ उघड ‘पण’चा असला. म्हणून -हा की -पा, या प्रश्नात आधी लुवियनमधली जागा पाहावी, मग हिट्टाइट, आणि फिनिशियन शेवटी.

हिट्टाइटमध्ये -पाच्या कामाला जवळचा निपात -मा. हिट्टाइटचा -अपा हा वेगळा, स्थलवाचक निपात आहे. ध्वनी जुळला म्हणून त्याच्याशी सांगड घालू नये.

-पा: पण की तर?

शब्दकोशातला पहिला अर्थ बहुधा ‘पण’. आमचा कल ‘तर’ किंवा ‘मात्र’कडे. कारण जागा: -पा पहिल्या शब्दाला चिकटतो, जसे ‘राजा तर’, ‘मी मात्र’. बरेचदा विरोध नसतोच, फक्त विषय बदलतो: पराक्रम संपले, आता नाव पुसणाऱ्याची गोष्ट. मागच्या वाक्यातले काही खोडले जात असेल, तरच ‘पण’.

याचा सगळ्यांत चांगला दाखला शापवाक्यांत आहे. तिथे नकाराचे चिन्ह आणि त्याला लागून -पा येतो. नकार दिसला म्हणून ‘जो पुसणार नाही’ असे वाचले, तर शाप निरपराध माणसावर जातो. या जोडीचा अर्थ ‘किंवा’. नकार अधिक ‘तर’: आपल्याकडचे ‘नाहीतर’ याच घडणीचे आहे. ‘चहा घे नाहीतर कॉफी घे’ यात जसा कशाचाच नकार नाही, तसेच ‘जो हे नाव पुसेल, नाहीतर हा दगड फोडेल’, आणि शाप दोघांनाही लागतो.