कार्डाची थकबाकी: हप्ते, पर्सनल लोन की सेटलमेंट?

क्रेडिट कार्डाची थकबाकी अंगावर आली की लोक कस्टमर केअरला फोन लावून ‘व्याज कमी करा’ म्हणतात आणि नकार ऐकून फोन ठेवतात. आपल्याकडे दर सहसा हलत नाही, थकबाकीचं रूप बदलून मिळतं. दरावर लगामही उरलेला नाही: वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज आकारू नये, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

समजा १ लाख थकलेत. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान भरायची रक्कम, म्हणून ५,००० भरले तरी मुद्दल ८७० रुपयांनीच उतरतं, शिवाय नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. हा पर्याय मी तुलनेत धरतच नाही.

पगार चालू असेल तर थकबाकीचे हप्ते बांधून घ्या, तेही ड्यू डेट उलटायच्या आत. ‘सर, महिना फक्त एक टक्का’ असं पलीकडून आलं की विचारा, ‘फ्लॅट की रिड्यूसिंग?’ म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की दरमहा उरलेल्या मुद्दलावर? फ्लॅट असेल तर वर्षभराचा हप्ता ९,३३३ येतो आणि खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. रिड्यूसिंग, वर्षाला १५ टक्क्यांनी तोच हप्ता ९,०२६. दोन्हीकडे व्याजावर जीएसटी वेगळा. घासाघीस करायचीच तर प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडण्याचा दंड यांवर करा. आणि लक्षात असू द्या, हा हप्ता दरमहा मिनिमम ड्यूमध्ये पूर्णच्या पूर्ण धरला जातो.

पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नसतो. त्यामुळे कागदावर दर सारखाच दिसला तरी कर्ज स्वस्त पडतं. कार्डाचे १५ टक्के जीएसटी धरून १७.७ होतात. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरचा स्कोअर, धड असेल तर माझं मत कर्जाला. धोका एवढाच की कार्ड रिकामं झालं की हात पुन्हा शिवशिवतो. थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवणं, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, हा बहुतेकदा हप्त्यांचाच प्रकार. फी आणि दर पाहा, पटलं तर घ्या.

सेटलमेंटची, म्हणजे थोडी रक्कम भरून बाकीची बँकेकडून सोडवून घेण्याची, गोष्ट वेगळी. इथे रकमेवर खरोखर घासाघीस होते, पण ती बहुधा काही महिने थकल्यावर. नोकरी गेली, आजारपण आलं, पैसा उभा राहणारच नाही, अशांसाठीच हा रस्ता. सिबिलवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ पडतं आणि पुढे गृहकर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं. चार पैसे वाचतात म्हणून ऐपत असताना हे करू नये.

करायचंच तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आल्याशिवाय रुपयाही भरू नका. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, वसुली एजंटच्या यूपीआयवर नाही. एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. पैसे भरूनही नो ड्यूज (काही देणं उरलं नाही असं) पत्र मिळत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते, फुकट.