मिरिस्साची देवमाशांची सफर: बोट निवडताना काय बघाल

श्रीलंकेला निघालेल्या मुंबईकरांनी दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला देवमासे बघायची बोट ठरवताना नाश्त्याची आणि फोटोंची चौकशी मागाहून करावी. आधी विचारावं, देवमासा दिसला की तुमचा कप्तान किती अंतरावर थांबतो? आमचा कप्तान थांबत होता. माझ्याकडून पाचपैकी पाच गुण त्यासाठीच.

जुहूला २०१६ च्या जानेवारीत मेलेला देवमासा वाहून आला होता. तो बघायला लोटलेल्या गर्दीत मीही होते. हा जीव जिवंत बघायचा हे तेव्हाच मनात बसलं. मुंबईहून ते अवघड, कारण निळा देवमासा खोल पाण्यातला आणि आपल्याकडे उथळ समुद्रच सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. मिरिस्सा आणि जवळच्या दोंद्रा या टोकाच्या बाजूला हा पट्टा अगदी अरुंद. बंदर सोडून काही मैल गेलं की खाली हजार मीटर पाणी! म्हणून निळा देवमासा तिथे किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतो.

बोट सकाळी साडेसहाला सुटते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही चढू देत नाहीत. बोट लागू नये म्हणून गोळी अर्धा तास आधीच दिली. माझ्या वडिलांचं गुडघ्याचं दुखणं बघून त्यांना न मागता खाली मधोमध जागा दिली, तिथे हेलकावे कमी बसतात. नाश्ता साधाच: सँडविच, केळी, अननस. वरच्या डेकवर सावली मात्र अजिबात नाही. आठनंतर ऊन असह्य होतं, त्याचं काहीतरी करायला हवं.

पहिला फवारा, म्हणजे देवमाशाचा उच्छ्वास, लांबून दिसला, सरळ, उभा, तीन मजले तरी उंच. कप्तानाने इंजिन मंद केलं आणि मग बंदच केलं. तेव्हा तो श्वास ऐकू आला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग निळसर करडी पाठ वर आली आणि सरकत राहिली, सरकतच राहिली. बऱ्याच वेळाने एवढासा पर दिसला आणि शेवटी शेपूट वर उचलून तो खाली गेला. पाण्यावर गुळगुळीत, तेलकट दिसणारा गोल तेवढा उरला. पुन्हा वर यायला दहाएक मिनिटं लागतील, असं गाइडने सांगितलं, आणि सगळी बोट गप्प बसून वाट बघत राहिली.

त्या वेळात गाइडने फार छान माहिती दिली. हे देवमासे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच उबदार समुद्रात राहतात. श्रीलंकेच्या शास्त्रज्ञ आशा डी वोस यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. इथे त्यांचं खाणं मुख्यतः सर्जेस्टिड कुळातली बारीक कोळंबी, म्हणजे आपल्या जवळ्याचीच भावकी. बाबा म्हणाले, "अगं, म्हणजे आपण सुकवून चटणी करतो तोच ना?" तोच नाही, पण त्याच कुळातला. जगातला सगळ्यात मोठा प्राणी त्यावर पोसतो, हे ऐकून मी थक्क झाले.

दुसऱ्या बोटी मात्र फवारा दिसला की सुसाट धावत होत्या. एक तर देवमाशाच्या तोंडापुढूनच आडवी गेली. मला भयंकर राग आला. आमच्यातलेही दोघे "जवळ घ्या ना" म्हणून मागे लागले. कप्तानाने शंभर मीटरचा नियम शांतपणे सांगितला आणि बोट हलवली नाही. माझ्याकडे जवळून काढलेला एकही फोटो नाही, आणि तेच योग्य आहे.

बाबांचं आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलं, त्यामुळे त्यांचं लक्ष क्षितिजावरच्या कंटेनर जहाजांकडे. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक इथूनच जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ पासून आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. "सगळ्यांनीच न्यावीत. थोडं डिझेल जास्त जाईल, एवढंच," बाबा म्हणाले.

मुंबईतल्या आमच्या एजंटने "शंभर टक्के दिसणार" असं सांगितलं होतं. असं कोणी सांगितलं तर दुसरा एजंट बघा. बोटवाल्यांनी तसं वचन दिलं नाही. नाही दिसला तर दुसरी फेरी मोफत, इतकंच म्हणाले. जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच, पुढे पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो. मे ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला चौकशी करा.