गूगल फ्लाइट्स: साओ पाउलोहून सोलापूरला लेक आणायची तर

माझी लेक दोन वर्षांपासून ब्राझीलमध्ये, साओ पाउलोला नोकरीला आहे. २०२६ च्या जानेवारीत तिला गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, घरी यायचं होतं. यात्रेतला अक्षता सोहळा चुकवायचा नाही, एवढी एकच अट तिनं घातली. तिकीट शोधायचं काम मी अंगावर घेतलं. तिला दिवसभर ऑफिस, आणि मला बाजारभावावर नजर ठेवायची तीस वर्षांची सवय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुताच्या भावाची वही मी रोज लिहितो. तशीच एक वही ऑगस्टपासून विमानाच्या तिकिटाची घातली. रोज सकाळी साडेसहाला चहा घेऊन बसायचं, गूगल फ्लाइट्स, म्हणजे गूगलचं विमानांचे भाव दाखवणारं पान, उघडायचं, भाव टिपायचा. त्या वेळी तिकडे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. तिचं जेवण आटोपलेलं असतं, म्हणून फोनवर दोघं मिळून बघायचो.

आधी मार्गाचं सांगतो. भारतातून दक्षिण अमेरिकेला थेट विमान नाही, कुठं तरी बदलावंच लागतं. त्यातल्या त्यात साओ पाउलोचं बरं आहे. तिथल्या ग्वारुल्होस विमानतळावरून दुबई, दोहा, इस्तंबूल आणि अदिस अबाबा या चारही ठिकाणी विमानं जातात, आणि तिथून मुंबई एका उडीत. दुबईपर्यंतचंच पहिलं उड्डाण चौदा-पंधरा तासांचं. अदिस अबाबाचं त्याहून आखूड, बारा तासांच्या आसपास, पण पुढचा मुंबईचा टप्पा तेवढा लांबतो. युरोपातून येणारे मार्गही भरपूर दिसतात. अमेरिकेतून येणारेही दिसतात, आणि कधी कधी तेच सगळ्यांत वर, सगळ्यांत स्वस्त. तिथं सावध राहायचं. आपल्या पासपोर्टवर अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. गूगलला आपला पासपोर्ट कुठला ते माहीत नसतं, त्यामुळे ही चाळणी आपणच लावायची. वर फिल्टरमध्ये कुठल्या विमानतळावर बदल चालेल ते निवडता येतं. मी अमेरिकेची सगळी गावं काढून टाकली, आणि मग यादी आमच्या उपयोगाची झाली.

आता खरी कामाची गोष्ट, तारखांचा तक्ता. एका बाजूला जायच्या तारखा, दुसऱ्या बाजूला परतायच्या, आणि प्रत्येक चौकटीत भाव. कमी भावाच्या चौकटी हिरव्या रंगात. आमच्या धंद्यात झाकार्डचं, म्हणजे विणून उठवायच्या नक्षीचं, डिझाइन चौकटीच्या कागदावर रंगवतात, तसाच दिसतो तो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दहा मिनिटं त्यावरून हललो नाही. २० डिसेंबरला निघून १८ जानेवारीला परत, असं तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं. त्या चौकटीत १,६८,००० रुपये होते. बोट सरकवत ७ जानेवारीला निघणं आणि ४ फेब्रुवारीला परतणं या चौकटीवर आलो, तर १,२१,०००. विमान तेच, बसायची जागा तीच, बॅगा तेवढ्याच. सत्तेचाळीस हजारांचा फरक नुसत्या तारखेचा.

असं का, ते नंतर लेकीनं समजावलं. ब्राझीलमध्ये डिसेंबर-जानेवारी हा भर उन्हाळा आणि शाळांची मोठी सुट्टी. नाताळच्या आधी सगळं शहर बाहेर पडतं. इकडे भारतात लग्नं आणि नाताळ उरकून परत जाणाऱ्यांची गर्दी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. आम्ही दोन्ही गर्द्यांच्या उलटे चाललो. आणि फेब्रुवारीच्या मध्यात कार्निव्हल, त्याच्या आधी ती परत पोचली म्हणजे तो महागडा आठवडाही टळला. मला हे पटलं, कारण सुतातही असंच असतं. सगळे घेतात तेव्हा घ्यायचं नसतं. ज्यांच्या तारखा मोकळ्या आहेत त्यांनी मार्च ते मे किंवा ऑगस्ट ते नोव्हेंबर बघावं. आमची तारीख सिद्धेश्वरांनी ठरवलेली, तरी एवढं वाचलं.

तक्त्याखालोखाल आवडलं ते भावावर लक्ष ठेवायचं बटण. एकदा लावलं की भाव हलला की मेल येतो. आठ आठवडे मेल आणि माझी वही दोन्ही चालू ठेवले, आणि दोन्ही जुळत गेले. माझा एक पाहुणा म्हणायचा, सारखं सारखं शोधलं की भाव मुद्दाम वाढवतात. मी तीन आठवडे एकाच वेळी दोन फोनवर बघितलं, एक रोज शोधणारा आणि एक मुलाचा कोरा. आकडा दर वेळी सारखाच निघाला.

उतरायचं गाव टाकताना एकच टाकू नका. मी मुंबई, हैदराबाद आणि पुणे अशी तिन्ही नावं एकदम टाकली. सोलापूरकराला हैदराबाद परकं नाही, आमच्या गावातलं निम्मं अशोक चौक तिकडच्या नात्यागोत्यात आहे. एका आठवड्यात हैदराबादचं तिकीट चार हजारांनी कमी दिसत होतं. पण ते विमान पहाटे तीनला उतरणार, पुढे तीनशे किलोमीटर गाडी करायची, रात्री मुलगी एकटी. ते चार हजार मी सोडले. होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून आता मुंबईचं विमान आहे, तेही जोडून बघितलं. पण ते तिकीट वेगळं. देशातल्या तिकिटावर साधारण १५ किलोचं सामान, आणि साओ पाउलोच्या तिकिटावर आम्हाला २३ किलोच्या दोन बॅगा मिळालेल्या. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच मार्गांवर एकूण वजन न मोजता बॅगा मोजतात, हे ठाऊक असू द्या. जादा वजनाचे पैसे भरण्यापेक्षा रेल्वे बरी. सकाळी मुंबईत उतरली, दुपारची वंदे भारत धरली, रात्री जेवायला घरी.

गूगल स्वतः तिकीट विकत नाही. ते आपल्याला विमान कंपनीच्या पानावर नाही तर एखाद्या तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर सोडतं. इथं माझा कळकळीचा सल्ला आहे, आणि तो पदरमोड करून आलेला आहे. मागच्या खेपेला, २०२५ च्या मार्चात, एका संकेतस्थळावर तेच तिकीट नऊ हजारांनी स्वस्त दिसलं म्हणून तिथून घेतलं. नाव लिहीत नाही. सुटायच्या बारा दिवस आधी विमानाची वेळ बदलली आणि मधला बदल पन्नास मिनिटांवर आला. विमान कंपनी म्हणाली, ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याशी बोला. त्यांचा फोन लागायचा नाही, लागला तर तासभर गाणं. माझी बायको देवापुढं बसून होती आणि मी फोन कानाला लावून जिन्यात. लेकीनं शेवटी दुसरं तिकीट काढलं, आणि पहिल्याचे पैसे यायला साडेतीन महिने गेले. यंदा मी ठरवूनच टाकलं होतं, शोधायचं गूगलवर आणि घ्यायचं थेट विमान कंपनीकडून, दोन-चार हजार जास्त गेले तरी.

आणि घ्यायचं तेही लेकीनं, तिकडून. गूगलच्या पानात देश आणि चलन बदलता येतं. ब्राझील आणि तिथलं चलन रेआल करून बघितलं तर आकडा आमच्या रुपयातल्या आकड्याच्या जवळपासच आला. पण तिच्या तिथल्या कार्डावर दहा हप्ते करून मिळत होते, आणि माझ्या कार्डावर परकीय चलनाचा बँकेचा आकार बसणार होता. तिकडून घेण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे आणि तो आमच्या प्रत्यक्ष कामी आला. ब्राझीलच्या नागरी विमान वाहतूक संस्थेचा, अनाकचा, २०१६ चा ४०० क्रमांकाचा नियम आहे: प्रवास किमान सात दिवस पुढे असेल, तर तिकीट हातात आल्यापासून २४ तासांत ते रद्द करून पूर्ण पैसे परत घेता येतात. सप्टेंबरात तिनं आधी ५ जानेवारीचं तिकीट काढलं. रात्री सुट्टीचा मेल आला.

"अप्पा, साहेबांनी सहा तारखेपर्यंत थांबायला सांगितलंय."

"रद्द होतंय का बघ गं, पैसे कापतील ते कापतील."

एक पैसा कापला नाही. दुसऱ्या दिवशी ७ जानेवारीचं निघालं, तेही दीड हजारानं कमी.

तारखेचं अजून एक. ग्वारुल्होसहून आखाताकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ७ जानेवारी, ०१:२५ लिहिलं असेल तर विमानतळावर ६ तारखेच्या रात्री पोचायचं. मी वहीत लाल पेनानं लिहून तिला फोटो पाठवला होता. शिवाय साओ पाउलोला विमानतळ एक नाही. काँगोन्यास गावात, विराकोपोस लांब कांपिनासला, आणि परदेशाची बहुतेक मोठी विमानं ग्वारुल्होसहून. स्वस्ताच्या नादात दोन वेगळ्या तिकिटांचा मार्ग निवडाल तर मध्ये विमानतळही बदलत नाही ना, ते नीट बघा. गूगल तशी सूचना बारीक अक्षरात देतं.

जी गोष्ट गूगल कधीच सांगणार नाही ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं कार्ड लागतं, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली लागते. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. अदिस अबाबामार्गे येणाऱ्यांनाही हे लक्षात ठेवायला हवं, कारण इथिओपियाही त्याच यादीत आहे. लेकीनं जायच्या आधीच मुंबईत लस घेतली होती, आणि आता एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. ते कार्ड पासपोर्टला रबर लावूनच ठेवा.

आमच्या मापानं बोलायचं तर गूगल फ्लाइट्सला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो व्हिसा आणि लस आपणच बघावी लागते त्याचा. तारखांच्या तक्त्याला मात्र मी पैकीच्या पैकी देईन.

ती आली, १३ तारखेला अक्षता सोहळ्याच्या सम्मती कट्ट्यावर आम्ही सगळे होतो, अक्षता तिच्या ओंजळीतून पडल्या. परत जायच्या आदल्या दिवशी कारखान्यातला वजनकाटा घरी आणला, ज्यावर आम्ही टॉवेलचे गठ्ठे मोजतो. पहिली बॅग २४.१ भरली. बायकोनं दोन किलो शेंगा चटणीतली एक पिशवी काढून दुसऱ्या बॅगेत सरकवली, मग कडक भाकरीचा डबा इकडून तिकडे. शेवटी २२.६ आणि २२.९. लेक हसत हसत बॅगेवर बसली आणि मी चेन ओढली.

आता माझी दुसरी वही चालू आहे. मुंबई ते साओ पाउलो, सप्टेंबर, दोघांचं. भावाची सूचना लावून ठेवली आहे. बायकोच्या लशीचं डॉक्टरांना विचारायचं आहे, साठीच्या पुढं ती विचारूनच घ्यावी म्हणतात. आज सकाळचा आकडा १,३४,००० एकाचा. थांबतोय.